प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (चित्रपट)

व्हिडिओ गेमवर आधारलेला हॉलिवूडचा साहसपट (२०१०). दिग्दर्शक माइक न्यूवेल, निर्माता जेरी ब्रुकहायमर, निर्मितिसंस्था डिस्ने. जेक जिलनहॉल (दस्तान), जेमा आर्टर्टन (राजकन्या तमिना), बेन किंग्जली (निझाम) आणि आल्फ्रेड मोलिना (शेख अमर) यांच्या प्रमुख भूमिका. निर्मितीखर्च वीस कोटी डॉलरच्या घरात गेला, पण ज्या खेळाच्या नावावर हा घाट घातला त्या खेळाची धडधड पडद्यावर उतरली नाही.

मूळ खेळ जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने एकहाती लिहिला आणि तो १९८९ मध्ये अॅपल टू संगणकावर आला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट उतरवून राजपुत्राच्या हालचाली बनवल्या. त्यामुळे हा राजपुत्र धावता धावता एकदम थांबत नाही, पाऊलभर घसरतो. कड्याला लोंबकळला की अंग वर ओढून घेताना त्याला कष्ट पडतात. मुदत साठ मिनिटांची, तेवढ्यात राजकन्येला सोडवायचे. नव्वदच्या दशकात डॉसवर चालणाऱ्या संगणकांतून तो आपल्याकडेही पोचला. काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ टाइप करून एंटर दाबणारी आणि शिफ्टचे बटण धरून जमिनीतल्या सुळ्यांमधून जपून पावले टाकणारी मुले तेव्हा महाराष्ट्रातही होती. आरशातून उडी मारल्यावर राजपुत्राचीच सावली सुटून पळते. पुढे ती तलवार घेऊन समोर उभी राहते तेव्हा तिला मारून भागत नाही, कारण तिच्यावरचा वार आपल्यालाच लागतो. तलवार म्यान केली तरच दोघे एक होतात. एकही संवाद न वापरता इतके सांगणारे प्रसंग त्या काळच्या खेळांत दुर्मीळ होते.

चित्रपटाने नाव घेतले ते युबिसॉफ्ट या गेमकंपनीच्या २००३ मधील खेळाचे. त्यात जादूच्या खंजिरातली वाळू खर्चून काळ थोडा मागे नेता येतो. उडी चुकली, राजपुत्र दरीत कोसळला, की बटण दाबायचे आणि तो पुन्हा कड्यावर. पण वाळू मोजकीच असल्याने प्रत्येक चूक महाग पडते.

चित्रपटात राजा शारामनने रस्त्यावरून उचलून वाढवलेला अनाथ दस्तान आलमूतवरच्या हल्ल्यात तो खंजीर मिळवतो. शत्रूंना शस्त्रे पुरवल्याच्या खोट्या आळावर हा हल्ला झालेला असतो. विषारी झगा घालून राजा मरतो, आळ दस्तानवर येतो आणि तो तमिनासह पळतो. कारस्थान चुलता निझामचे, हे प्रेक्षकाला फार आधी कळते. इतिहासातले आलमूत म्हणजे उत्तर इराणमधील निझारी इस्माइली या शिया पंथीयांचा डोंगरी किल्ला. इथे त्याचे पवित्र नगर झाले आहे, तेवढी सूट साहसकथेला द्यायला हरकत नाही.

खरे दुखणे वाळूचे आहे. खेळात काळ उलटवण्याची किंमत खेळणारा स्वतः मोजतो. चित्रपटात खंजीर मोजक्या वेळा चालतो आणि तेव्हा आपण फक्त सोनेरी धुळीचे दृश्य पाहतो. शेवटी तर काळ पार आलमूतच्या हल्ल्यापर्यंत मागे जातो. मेलेले भाऊ जिवंत होतात, मित्राचे बलिदान पुसले जाते आणि तमिनाला दस्तान आठवतही नाही. २००३ च्या खेळाचा शेवटही असाच आहे. पण तिथे राजपुत्र सगळी हकीकत राजकन्येला सांगत असतो. मध्येच आपण मेलो तर ‘नाही, असे घडले नव्हते’ म्हणून तो सावरून घेतो. त्या निवेदनामुळे पुसलेला काळही कोणाच्या तरी आठवणीत राहतो. चित्रपटाने हा धागाच सोडला आणि दोन तासांची गुंतवणूक हातातून निसटली.

मोरोक्कोतले चित्रीकरण मात्र देखणे आहे. गच्च्यांवरून धावण्याच्या दृश्यांसाठी पार्कूरचे (भिंती-अडथळे उड्या मारत पार करण्याच्या कसरतीचे) जनक मानले जाणारे डेव्हिड बेल यांचे मार्गदर्शन घेतले होते, आणि त्या थोड्या मिनिटांत मूळ राजपुत्र खरोखर दिसतो. पर्शियाच्या कथेत प्रमुख भूमिकांत एकही इराणी कलाकार नसल्याची टीका झाली, ती रास्तच होती.

जगभरात चित्रपटाने सुमारे ३३.६ कोटी डॉलर जमवले, त्यांपैकी उत्तर अमेरिकेत जेमतेम ९ कोटी. गेमवर आधारित चित्रपटांत कमाईचा हा विक्रम २०१६ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ने मोडला. डिस्नेला यातून चित्रपटमालिका उभी करायची होती, पण दुसरा भाग निघाला नाही.