मेटियामाइड आणि सिमेटिडिन: फरक फक्त गंधकाचा

"भाऊ, पित्त लय खवळलं, गोळी द्या एखांदी." कापूस वेचणीच्या दिवसांत इकडच्या कुठल्याही मेडिकलवर हे ऐकू येतं. सकाळी भाकर-ठेचा, मग दिवसभर नुसता चहा, दुसरं काय होणार? आज हातात बहुतेक पॅन्टोप्राझोल पडते. तिच्या कितीतरी आधीच्या मेटियामाइड आणि सिमेटिडिन या दोन नावांची मात्र फार गल्लत होते.

दोन्ही औषधं एकाच घरची. इंग्लंडात वेल्विन गार्डन सिटी इथं, स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या प्रयोगशाळेत जेम्स ब्लॅक यांच्या चमूनं ती घडवली. कामही एकच: हिस्टामिन हे शरीरातलंच रसायन जठराच्या पेशींना आम्ल सोडायला लावतं, ते पेशीवरच्या ज्या जागेवर (एच-2 ग्राहीवर) बसतं ती जागाच अडवायची. (सर्दी-खाजेच्या गोळ्या एच-1 अडवतात. म्हणून सेटिरिझिन खाऊन छातीतली जळजळ थांबत नाही.)

यांच्याआधीचं ब्युरिमामाइड तोंडावाटे नीट लागू पडत नव्हतं. मेटियामाइड लागू पडलं, अल्सरवर गुणही आला. पण चाचण्यांत काही मोजक्या रुग्णांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धोकादायक घसरल्या. अशा वेळी साधा घसा धरला तरी जिवावर बेततं, आणि रक्त तपासल्याशिवाय कारण कळत नाही. पित्ताच्या गोळीपायी रक्त तपासायला आपल्याकडे कोण जातं? हे औषध चाचणीतच थांबलं ते बरंच झालं.

संशय गेला रेणूतल्या थायोयुरिया नावाच्या भागातल्या गंधकावर. रसायनशास्त्रज्ञांनी तेवढा गंधक काढून तिथं सायनो गट जोडलेला नायट्रोजन बसवला. बाकी सांगाडा होता तसाच, आम्ल रोखण्याची ताकदही जवळपास तेवढीच. हेच सिमेटिडिन. 1976 मध्ये ते ब्रिटनमध्ये 'टॅगामेट' नावानं बाजारात आलं. ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा.

सिमेटिडिनही अगदी निर्धोक नव्हतं. ते यकृतातली, औषधं पचवणारी विकरं (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे फेफऱ्यासाठी फेनिटॉइन किंवा रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर त्यांचं प्रमाण रक्तात वाढतं. काही पुरुषांच्या छातीलाही सूज येई. 1981 मध्ये आलेल्या रॅनिटिडिनमध्ये हे त्रास बरेच कमी होते, आणि सिमेटिडिन मागं पडत गेलं.