एका जबड्याचा डायनासोर

'सार्कोलेस्टिस' म्हणजे मांस लुटणारा. हे नाव ज्या डायनासोरला मिळालं, तो मात्र झाडपाला खाऊन जगणारा होता. आपल्याला त्याचा जबड्याचा एक तुकडाच काय तो माहीत आहे.

इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या आसपास 'ऑक्सफर्ड क्ले' या चिकणमातीचे जाड थर आहेत. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या या मातीत सेंद्रिय अंश इतका आहे, की भट्टीत विटा भाजताना ती स्वतःच जळू लागते आणि कोळसा वाचतो. एकोणिसाव्या शतकात मजूर ही माती हातानं खणत, म्हणून हाडं नजरेतून सुटत नसत. आल्फ्रेड लीड्स नावाचा शेतकरी ती वर्षानुवर्षं जमवत राहिला. त्याचे आपल्यावर फार उपकार आहेत.

त्याच्या संग्रहातल्या, खालच्या जबड्याच्या डाव्या तुकड्याला जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी १८९३ मध्ये 'सार्कोलेस्टिस लीड्सी' असं नाव दिलं. प्राणी मांसाहारी असावा, असं त्यांना वाटलं. लिडेकर नवखे नव्हते. जबलपूरच्या हाडांवरून एका डायनासोरला 'टायटॅनोसॉरस' हे नाव १८७७ मध्ये त्यांनीच दिलं होतं. पण चिलखती डायनासोरांची ओळख तेव्हा पुरती पटलेली नव्हती. त्यांच्यातल्या 'अँकिलोसॉरस'चं नावसुद्धा १९०८ मधलं.

खरी खूण जबड्याच्या बाहेरच्या अंगाला आहे. तिथे हाडाचं एक खडबडीत कवच घट्ट चिकटून बसलंय. हे कवच कातडीत तयार होतं, आणि जबड्यावर असं चिलखत चढणं ही अँकिलोसॉर या चिलखती डायनासोरांच्या गटाची ओळख. दातही लहान, पानासारखे. मांस कापायला लागणारी सुरीसारखी धार त्यांना नाही. गैरसमज पुढे दूर झाला, नाव मात्र तेच राहिलं, कारण अर्थ चुकला म्हणून शास्त्रीय नाव बदलता येत नाही.

हा जबडा १६ कोटी वर्षांहून जुना आहे, म्हणजे अँकिलोसॉरांच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. याहून जुना 'स्पायकोमेलस' हा अँकिलोसॉर मोरोक्कोत सापडला. २०२१ मध्ये त्याचीही ओळख पटली ती काटे जुळलेल्या एका बरगडीवरून.

जमिनीवरचा प्राणी समुद्राच्या गाळात आला कसा? बहुधा प्रेत नदीतून वाहत समुद्रात गेलं असावं. फुगलेलं प्रेत तरंगत राहतं, आणि कुजताना खालचा जबडा लवकर सुटून तळाशी जातो. बाकीचा देह पुढे वाहत जातो.