ब्रिटनमधलं विद्यार्थी सल्ला केंद्र मदत कधी नाकारू किंवा थांबवू शकतं?

रविवारी रात्री अकरा वाजता सल्ला केंद्राच्या इनबॉक्समध्ये मेल पडतो. ‘उद्या सकाळी दहाला विद्यापीठाच्या पॅनेलपुढे सुनावणी आहे, प्लीज कोणीतरी सोबत या.’ मेलला ६४ स्क्रीनशॉट जोडलेले, त्यातले निम्मे आडवे, आणि सुनावणीचं पत्र तेवढं जोडायचं राहिलेलं. सोमवारी साडेनऊला उत्तर जातं: इतक्या कमी वेळात ही केस घेता येणार नाही, पण पॅनेलकडे पुढची तारीख आत्ताच मागा, ती अशी मागतात. विद्यार्थी पहिलं अर्धं वाक्य वाचतो आणि फोन उलटा ठेवून देतो.

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या अनेकांना वाटतं की एवढी फी भरली म्हणजे स्टुडंट्स युनियनचा (म्हणजे विद्यार्थी संघटनेचा, सल्ला केंद्र सहसा तीच चालवते) सल्लागार हा आपला वकीलच झाला. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी ही सेवा मोफत, गोपनीय आणि विद्यापीठाच्या प्रशासनापासून वेगळी असते. पण तिला अटी असतात. त्या केंद्राच्या सेवा-धोरणात लिहिलेल्या असतात आणि पहिल्या अपॉइंटमेंटआधी भरायच्या फॉर्मवर ‘वाचलं, मान्य आहे’ म्हणून आपण टिक केलेली असते.

पात्र कोण

त्या विद्यापीठात सध्या नोंदणी असलेला विद्यार्थी, हा सरळ नियम. मधे सुट्टी घेतलेले किंवा निलंबित झालेले विद्यार्थीही सहसा चालतात. त्यांनाच तर गरज जास्त. पदवी मिळालेल्यांना अपिलाची मुदत संपेपर्यंत बरीच केंद्रं मदत करतात. दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राची केस मात्र घेत नाहीत, त्याला त्याच्या युनियनकडे पाठवतात. तुम्ही युनियनचं सदस्यत्व नाकारलं असेल तर? १९९४ च्या शिक्षण कायद्याचं कलम २२ सांगतं की सदस्य न होण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, आणि सदस्य नाही म्हणून सेवांच्या बाबतीत त्याच्यावर अन्याय होता कामा नये. काउंटरवर कोणी तसं कारण दिलं तर हे कलम दाखवा.

आणि पालक. पुण्याहून बाबांनी फोन केला, ‘माझ्या मुलाचं काय चाललंय ते सांगा’ म्हणाले, तर केंद्र तो मुलगा आपल्याकडे आला होता की नाही हेसुद्धा सांगणार नाही. फी बाबांनी भरली असली तरीही. मुलाची लेखी संमती हवी. याला उद्धटपणा समजू नका. उद्या तुमच्या माघारी वर्गमित्राने तुमच्याबद्दल विचारलं, तर हाच नियम केंद्राला गप्प ठेवतो.

हद्दीबाहेरच्या गोष्टी

व्हिसा हा सगळ्यात मोठा विषय. १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्यानुसार पात्रता किंवा सूट नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. म्हणून कित्येक युनियन व्हिसाचं नाव काढताच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे बोट दाखवतात. ते टाळत नसतात, कायदा पाळत असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवरचा दादा बिनधास्त सल्ला देतो, त्याची मात्र चौकशी करा. या क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी असं झालं आहे आणि नोंदणीकृत सल्लागारांची यादी तिच्याकडे मिळते.

कोर्टात उभं राहणं, कराचा हिशेब, कर्ज देणाऱ्यांशी वाटाघाटी या कामांनाही सहसा नकार असतो. तुमची केस आधीच सॉलिसिटरकडे (वकिलाकडे) असेल तरी केंद्र मागे सरकतं. एका केसला दोन सल्लागार झाले की दोन वेगळी पत्रं जातात आणि नुकसान तुमचं होतं. ‘मला ५८ दिलेत, ६० द्यायला हवे होते’ एवढ्याच मुद्द्यावर अपील लिहून मागितलं तर सल्लागार स्पष्ट सांगेल की शैक्षणिक मूल्यमापनाच्या निर्णयाला असं आव्हान देता येत नाही. प्रक्रिया चुकली, आजारपण विचारात घेतलं नाही, पक्षपात झाला, असा काही मुद्दा असेल तर बोलता येतं.

तुमचं निवेदनही ते लिहून देत नाहीत. तुम्ही लिहायचं, ते वाचून सुधारणा सुचवतात.

समोरचाही त्यांच्याकडेच आला असेल तर

नकाराचं हे कारण लोकांना सगळ्यात उशिरा कळतं, आणि कधी पूर्ण कळतच नाही. ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघे होते. दोघांचे परिच्छेद शब्दशः सारखे निघाले. ‘तिने माझं कॉपी केलं’ असं एक जण म्हणतो, दुसरी म्हणते उलटं झालं. ती सोमवारी केंद्रात जाऊन आली, तो बुधवारी जातो. आता केंद्र त्याला फक्त एवढंच सांगू शकतं की हितसंबंधांच्या संघर्षामुळे आम्हाला तुमची केस घेता येत नाही. का, ते सांगितलं तर तिची गोपनीयता मोडते. त्याला वाटतं, माझी बाजू ऐकूनही न घेता मला दोषी ठरवलं.

मोठ्या केंद्रात अशा वेळी दुसरा सल्लागार दिला जातो आणि दोन्ही फायली एकमेकींपासून बंद ठेवतात. दोनच माणसांच्या केंद्रात ते जमत नाही, मग शेजारच्या विद्यापीठाची युनियन किंवा बाहेरची संस्था सुचवतात. तुमची तक्रार युनियनच्याच पदाधिकाऱ्याविरुद्ध असेल तेव्हाही हाच पेच. म्हणून नकाराच्या मेलमध्ये ‘हितसंबंध’ हा शब्द दिसला तर केस कमकुवत आहे असा अर्थ काढू नका आणि आतली गोष्ट खोदून विचारू नका. ‘मग मी कुठे जाऊ?’ एवढंच विचारा. त्याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

सुरू झालेली मदत थांबते तेव्हा

शिवीगाळ, धमकी, वंश किंवा लिंगावरून अपमान झाला की बऱ्याच ठिकाणी इशारा न देताही मदत थांबते. लागोपाठ अपॉइंटमेंट चुकवणं, मागितलेले कागद न देणं, एकाच प्रश्नासाठी तीन सल्लागारांना वेगवेगळे मेल करून सोयीचं उत्तर शोधणं, यांना सहसा आधी लेखी सूचना मिळते.

खोटेपणाचं प्रकरण जास्त अवघड. डॉक्टरचं पत्र बनावट आहे असं सल्लागाराला कळलं, किंवा तुम्ही स्वतःच बोलता बोलता सांगून टाकलंत, तर तो ते पत्र पॅनेलपुढे मांडू शकत नाही. पत्र मागे घ्या नाहीतर मी थांबतो, असं तो म्हणेल. लगेच विद्यापीठाला कळवेल अशी भीती बाळगू नका. गोपनीयता मोडण्याचे प्रसंग मोजके असतात, जसं की कोणाच्या जिवाला गंभीर धोका असणं. पण मदत मात्र संपते.

एक अपवाद लक्षात ठेवा. अपॉइंटमेंट चुकण्यामागे नैराश्य, दीर्घ आजार किंवा अपंगत्व असेल तर २०१० च्या इक्वालिटी कायद्यानुसार सेवा देणाऱ्याने वाजवी सवलती द्यायला हव्यात: फोनवर भेट, आदल्या दिवशी आठवण, जास्त वेळ. आपल्याकडची मुलं हे सांगायला संकोचतात. न सांगता तीन वेळा गैरहजर राहिलात तर फाईलवर फक्त ‘आले नाहीत’ एवढंच दिसतं.

कागद कोणते

विद्यापीठाचं निर्णयाचं किंवा आरोपाचं पत्र, तारखेसकट, हे पहिलं. मग विद्यार्थी क्रमांक, संबंधित मेल (स्क्रीनशॉटऐवजी मूळ मेल फॉरवर्ड करा), ज्या असाइनमेंटवरून वाद आहे ती आणि तुमच्या शब्दांत तारीखवार घडलेलं, एका पानात. केंद्राने विद्यापीठाशी बोलावं असं वाटत असेल तर सही केलेलं संमतीपत्र. भारतातल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि मूळ प्रत दोन्ही द्या. त्यावर आजाराच्या तारखा हव्यात. ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढ्याच ओळीचा पॅनेलपुढे फारसा उपयोग होत नाही.

नकार आला, आता?

आधी घड्याळ बघा. केंद्राने नाही म्हटलं म्हणून विद्यापीठाची मुदत थांबत नाही. अपिलाला बऱ्याच विद्यापीठांत दहा ते वीस कामकाजाचे दिवस असतात, नेमका आकडा तुमच्या नियमावलीत पाहा. अर्धवट तयारी असली तरी मुदतीत अर्ज टाका आणि ‘पुरावे नंतर पाठवत आहे’ असं त्यात लिहा. नकाराचं कारण लेखी मागा. मुदत वाढवून मागताना तोच मेल जोडता येतो.

नकार चुकीचा वाटला तर आधी केंद्राच्या व्यवस्थापकाकडे, मग युनियनच्या तक्रार प्रक्रियेत जा. अशी प्रक्रिया ठेवणं शिक्षण कायद्याच्या त्या कलम २२ नेच बंधनकारक केलं आहे, आणि त्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळाने नेमलेल्या स्वतंत्र व्यक्तीकडे दाद मागण्याची सोयही आहे. आपल्या फाईलमध्ये काय लिहिलंय ते बघायचं असेल तर यूके जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली तिची प्रत मोफत मागता येते. साधारणपणे एका महिन्यात द्यावी लागते.

विद्यापीठाविरुद्धची मूळ तक्रार मात्र वेगळी, दोन्हींची सरमिसळ करू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया संपल्यावर ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स’ पत्र मिळतं. त्यावरच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर या विद्यार्थ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे मोफत जाता येतं, आणि त्यासाठी सल्लागार सोबत असलाच पाहिजे अशी अट नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे काम त्यांचे त्यांचे लोकसेवा लोकपाल करतात. घरमालकाशी भांडण असेल तर शेल्टर ही संस्था, इतर बऱ्याच गोष्टींसाठी सिटिझन्स ॲडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था. तिथल्या रांगा लांब असतात, तेव्हा निर्णयाचं पत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच फोन लावा.