न्यूयॉर्कमधला दंड, ३० दिवस आणि ‘बिऱ्हाड’ या शब्दाचा घोळ

न्यूयॉर्कमध्ये राहतं घर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने दिलं की दंड बसतो, आणि हे सगळं एअरबीएनबीसारख्या, घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने लावून देणाऱ्या ॲपवाल्यांमुळे सुरू झालं असं लोक सर्रास म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. मुळात राज्याच्या १९२९ च्या कायद्यात इमारतींचे दोन क्लास आहेत, क्लास ए कायम राहणाऱ्यांसाठी आणि क्लास बी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. क्लास ए च्या व्याख्येत मात्र ‘साधारणपणे’ अशा अर्थाचे शब्द होते आणि तिथेच फट राहिली. अपर वेस्ट साइडच्या काही बिल्डिंगा चक्क हॉटेलसारख्या चालवल्या जात होत्या, शहर कोर्टात गेलं आणि २००९ मध्ये अपिलात हरलं, कारण कोर्ट म्हणालं की बिल्डिंगचा मुख्य वापर कायम राहण्यासाठी असला तर थोडा इतर वापर या शब्दांत बसतो. त्यावर उतारा म्हणून २०१० चा बदल आला, क्लास ए मध्ये किमान ३० दिवसांचा मुक्काम सक्तीचा झाला, लागू झाला १ मे २०११ पासून. म्हणजे निशाणा होता तो अख्ख्या बिल्डिंगा हॉटेल करणाऱ्या मालकांवर. आपली एक खोली देणारा भाडेकरू तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोरही नसावा असं मला वाटतं.

आता खरी गुंतागुंत. नव्या कायद्यात एक सूट ठेवली होती, की कायम राहणाऱ्याच्या ‘हाऊसहोल्ड’मध्ये कुणी पाहुणा किंवा पेइंग गेस्ट राहत असेल तर ३० दिवसांची अट नाही. पण हाऊसहोल्ड म्हणजे काय? आपल्याकडे बिऱ्हाड म्हटलं की एक चूल, एक कुटुंब असं डोळ्यासमोर येतं, पोटभाडेकरू म्हटलं की वेगळंच चित्र उभं राहतं, तिथे मात्र या एका शब्दावर हजारो डॉलर अडकले.

२०१२ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. ईस्ट व्हिलेजमधला एक भाडेकरू काही दिवस कोलोरॅडोला गेला, जाताना आपली खोली १०० डॉलर रात्रीप्रमाणे तीन रात्रींसाठी एका बाईंना दिली, रूममेट घरातच होता. परत आला तर घरमालकाच्या नावाने पाच नोटिसा, सगळा दंड लागला असता तर आकडा ४०,००० डॉलरच्या वर जात होता. नोटीस मालकाला, चूक भाडेकरूची, त्यामुळे सुनावणीला मालकाच्या वतीने तो स्वतः उभा राहिला, आणि हे त्याने केलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं, कारण सुनावणीला गेलंच नाही तर बचाव ऐकलाच जात नाही आणि दंड डोक्यावर बसतो. मे २०१३ मध्ये निकाल लागला, २,४०० डॉलर दंड, म्हणजे मिळालेल्या भाड्याच्या आठपट. त्याने अपील केलं. सप्टेंबर २०१३ मध्ये वरच्या बोर्डाने निकाल फिरवला, सांगितलं की रूममेट घरात राहत होता एवढं पुरेसं आहे, पाहुणीची आणि त्याची ओळखपाळख असायलाच हवी असं कायदा कुठे म्हणत नाही.

हा निकाल बरोबरच होता. ज्यांचा याला विरोध होता ते म्हणत की अशाने प्रत्येक जण रूममेट दाखवेल, त्यात तथ्य होतं, पण कायद्यात नसलेली अट सुनावणीत घालायची आणि दंड ठोकायचा हे कसं चालेल?

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, राज्याच्या सरकारी वकिलांचा रिपोर्ट आला, त्यात एअरबीएनबीवर दिलेल्या घरांपैकी ७२ टक्के घरं नियमाबाहेर दिसत होती, आणि होस्ट म्हणजे घर देणाऱ्यांपैकी फक्त ६ टक्के, तीन किंवा जास्त घरं फिरवणारे, ३७ टक्के कमाई घेऊन जात होते. मोठे मासे कोण हे आकड्यांतच होतं. तरी २०१६ ला जाहिरातीवरच दंड आला, पहिल्यांदा १,०००, मग ५,०००, मग ७,५०० डॉलरपर्यंत, पाहुणा येवो न येवो, नुसती जाहिरात टाकली तरी.

मग शहराचा रजिस्ट्रेशनचा कायदा, जानेवारी २०२२ चा, कोर्टकचेऱ्या होऊन ५ सप्टेंबर २०२३ पासून अंमलात. रजिस्ट्रेशन नसेल तर होस्टला ५,००० डॉलरपर्यंत किंवा कमाईच्या तिप्पट, यात जे कमी ते. पाहुणे दोनच, राहणारा माणूस स्वतः घरात हवा, आणि पाहुण्याला सगळ्या घरात मोकळेपणी वावरता आलं पाहिजे, त्याच्या खोलीला वेगळं कुलूप चालत नाही. म्हणजे २०१३ ला बोर्डाने जो ‘हाऊसहोल्ड’ सैल केला होता तो नियमावलीने दाराच्या कुलपापर्यंत परत आवळला. घरमालकाने आपली बिल्डिंग अशा भाड्याला मनाई असलेल्या इमारतींच्या यादीत टाकली असेल तर भाडेकरूला अर्ज करूनही उपयोग नाही.

एक-दोन कुटुंबांची घरं असलेले छोटे मालकही यात आले, त्यांच्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या सभागृहात दुरुस्ती मांडली गेली. मागणी अशी होती की पाहुणे चार चालू द्या, मालक बाहेरगावी असला तरी चालू द्या आणि खोलीला कुलूप लावू द्या.