रिकामी दोरी सोडायची नाही

बांबूचं धनुष्य हातात येताच भाचीनं बाण न लावताच दोरी मागे ओढली. सगळी पोरं हेच करतात. मी झटकन तिचा हात धरला. धाकाचा नियम म्हणून नव्हे, हिशेबच तसा आहे.

तिचं धनुष्य 15 पौंडांचं. पूर्ण ताणलं की बोटांवर साधारण सात किलोंचा भार येतो. अर्धा मीटर दोरी ओढताना ती जवळपास 17 ज्यूल ऊर्जा बांबूत भरते, तीही सावकाश. दोरी सुटली की हीच ऊर्जा सेकंदाच्या काही शतांश भागात बाहेर पडते. बाण असला तर तिचा मोठा वाटा तो घेऊन जातो. नसला तर सगळा हिसका धनुष्यालाच बसतो आणि बांबूला तडा जातो.

दोरी तीन बोटांनी धरायची, अंगठा मोकळा. (एकलव्याला हे कुणी आधी सांगायला हवं होतं! मंगोल आणि तुर्क मात्र अंगठ्यानंच दोरी ओढत.)

25 ग्रॅमचा तिचा बाण ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास सुटतो. ऐकायला केवढा वेग! तरी दहा मीटरवर ठेवलेल्या पेंढीच्या पार बुडाशी घुसला, कारण तेवढ्या अंतरात तो अर्ध्या मीटरहून जास्त खाली येतो. अंतर दुप्पट केलं तर चौपट, म्हणजे दोन मीटरहून जास्त. म्हणून नेम वर धरायचा.

मग तिच्या दादानं स्वतःचा जाड बाण तिच्या धनुष्याला लावला. तो डावीकडे गेला, पुन्हा लावला, पुन्हा डावीकडे. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. सुटताना तो मासळीसारखा लवतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होत जातो. जाड बाण या हलक्या धनुष्याच्या जोरानं पुरेसा लवत नाही, त्यामुळे बाहेर फेकला जातो. धनुष्य बदललं की बाणही बदलावा लागतो तो यासाठी.

"यानं हरीण मारता येतं?" तिचा प्रश्न आलाच. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार गुन्हा आहे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या घरी तीरकामठा आजही दिसतो, ती गोष्ट वेगळी. अमेरिकेत मात्र परवाना काढून धनुष्यानं हरणाची शिकार करतात, आणि तिथल्या शिकाऱ्याची खरी अडचण दोरीचा आवाज ही असते. मोठ्या माणसाच्या लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नासेक मीटर जातो, आवाज 340 मीटर. वीस मीटरवरच्या हरणाला दोरीची टणत्कार 0.06 सेकंदात ऐकू येते, बाण पोचायला लागतात 0.4 सेकंद. मधल्या वेळात ते उडी घ्यायला पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून जमेल तितकं जवळ जायचं.

भाचीनं ऐकून घेतलं, मग गुपचूप जाऊन पेंढी तीन पावलं अलीकडे ओढली.