सही केलेला पत्ता जातो कुठे?

गेल्या डिसेंबरात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर नात्यातलं लग्न होतं. संगीताच्या रात्री जेवणाच्या टेबलांमधून एक जादूगार फिरत होता. आमच्यापाशी येऊन त्याने पत्त्यांचा कॅट पुढे धरला आणि माझ्या भाचीने त्यातून बदाम सत्ती ओढली. त्याने तिला मार्कर दिला आणि पत्त्यावर सही करायला सांगितली. तिने सही केली, शेजारी एक छोटासा मासाही काढला. पत्ता कॅटच्या मधोमध सरकवला गेला. जादूगाराने टिचकी वाजवली, सगळ्यात वरचा पत्ता उलटला, तर तीच बदाम सत्ती, तीच सही, तोच मासा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पत्ता कॅटमध्ये नव्हताच. तो निघाला जादूगाराच्या कोटाच्या आतल्या खिशातल्या पाकिटातून.

समोर बसलेले एक काका ठामपणे म्हणाले, "ही नजरबंदी आहे. जे नाही ते आपल्याला दाखवतात." टेबलावरच्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं, कारण त्या पाच मिनिटांत जे घडलं ते नजरबंदीच्या कल्पनेपेक्षा कितीतरी सुंदर आहे आणि सगळंच्या सगळं आपल्या शाळेतल्या विज्ञानात बसणारं आहे.

आधी सही कशासाठी, ते पाहू. सही नसती तर कोणीही म्हटलं असतं की त्याच्याकडे दोन बदाम सत्त्या असणार. सहीमुळे ती वाट बंद होते. काही जादूगार पत्त्याऐवजी प्रेक्षकाची नोट घेतात आणि तिचा नंबर लिहून ठेवायला सांगतात. आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटांवर नंबर छापतात ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी इथे सही असते. ही वस्तू तीच आहे, दुसरी नाही, एवढं ती सिद्ध करते.

पण एवढंच सिद्ध करते. सही असते पत्त्याच्या तोंडावर, आणि पाठ सगळ्या बावन्न पत्त्यांची सारखी. तोंड दिसतं तेव्हाच सही साक्ष देते. पत्ता पालथा झाला की तिची साक्ष संपते, ती पुन्हा तोंड दिसेपर्यंत. मधल्या वेळात पत्ता कुठे होता हे कोणीच पाहिलेलं नसतं. ती मधली वाट आपला मेंदू भरून काढतो, आणि इतक्या सहज भरतो की ती आपण डोळ्यांनी पाहिली असंच वाटतं.

या खेळाची मूळ युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि जादू शिकणारा प्रत्येक जण ती सुरुवातीलाच शिकतो, त्यामुळे इथे सांगितल्याने कोणाच्या पोटावर पाय येणार नाही. सही केलेला पत्ता हळूच वरून दुसऱ्या क्रमांकावर आणलेला असतो. जादूगार वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलतो आणि उलटतो. तुम्हाला सही दिसते. दोन्ही पुन्हा पालथे कॅटवर ठेवतो. आता वरचा एकच पत्ता घेऊन तो मधोमध सरकवतो. तो असतो भलताच कुठला तरी, चौकट नव्वी म्हणा. बदाम सत्ती केव्हाचीच वर येऊन बसलेली असते. टिचकी वाजते तेव्हा करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मग दोन पत्ते एक म्हणून खपतात कसे? मला या खेळातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

एका पत्त्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर. दोन पत्ते म्हणजे ०.६. एक मीटरवरून पाहिलं तर हा ०.३ मिलिमीटरचा फरक आपल्या डोळ्याशी जवळजवळ एका कलेचा कोन करतो. पंचांगात अंश, कला, विकला असतात ना, त्यातली कला: अंशाचा साठावा भाग. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण एवढाच कोन लागतो. याचं कारण दृष्टिपटलाच्या बांधणीत आहे. पटलाच्या अगदी मध्यावर प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशी एकमेकींपासून सुमारे अडीच मायक्रॉन अंतरावर दाटीने बसलेल्या असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन बिंदू वेगळे कळायचे तर दोन उजळलेल्या पेशींच्या मध्ये निदान एक अंधारी पेशी राहायला हवी, म्हणजे प्रतिमांमध्ये ५ मायक्रॉन अंतर हवं. पटल डोळ्याच्या भिंगापासून प्रकाशीय दृष्ट्या सुमारे १७ मिलिमीटरवर आहे असं धरा. ५ भागिले १७,००० केलं की कोन येतो एक कला. पत्त्याची जाडी अशी नेमकी आपल्या डोळ्याच्या मर्यादेवर येऊन थांबते!

तेही डोळा थेट त्या कडेवर रोखलेला असेल तरच. शंकूपेशींची ही दाटी फक्त मध्यावरच्या लहानशा ठिपक्यात असते. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, जवळपास तेवढाच भाग आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसतो. जादूगार काही विचारतो आणि तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहता, तेव्हा त्याचे हात वीसेक अंश बाजूला पडतात. तिथे नजरेची तीक्ष्णता दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरते.

डोळ्याला फसवलं, पण पत्ता वाकतो कसा, लवचिक वाटतो की ताठ, त्यावरून कळायला नको का? इथे स्थापत्य शिकलेल्यांना मजा येईल. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट जाडीचा एकसंध पत्ता आठपट ताठ झाला असता आणि लगेच पकडला गेला असता. पण दोन सुटे पत्ते वाकताना एकमेकांवर किंचित घसरतात, म्हणून घर्षण सोडून दिलं तर ताठपणा फक्त दुप्पट होतो. वस्तुमानही दुप्पट. कंपनाचा वेग ठरतो ताठपणा आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तरावर, आणि ते गुणोत्तर जसंच्या तसं राहतं. त्यामुळे जोडी बोटांत जवळजवळ एका पत्त्यासारखीच झुलते. जोडीला हलकासा बाक दिला की कडाही फाकत नाहीत.

अर्थात टेबलाशी बसलेला माणूस एक मीटरपेक्षा जवळ असतो, आणि बघायचंच ठरवलं तर त्याला जाडी दिसू शकते. म्हणून लक्ष वळवावं लागतं. गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा खरोखर वर फेकतो, तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो आणि नजर वर नेतो. सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांनी चेंडू वर जाताना 'पाहिला'. गंमत अशी की जिथे चेंडू दिसला असं ते सांगत होते, तिथे त्यांचे डोळे गेलेच नव्हते. डोळे फसले नाहीत, फसला तो अंदाज. जादूगाराने तिसऱ्या वेळी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, तेव्हा फसणारे जवळपास निम्म्यावर आले.

हुशार माणूस यातून सुटतो असंही नाही. कोणतीही जादू तीनदा पाहिली की आपण ओळखतो, असं प्रसिद्ध जादूगार हॅरी हुदिनी म्हणत असे. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या तरुण जादूगाराने त्याच्याकडूनच एका पत्त्यावर आद्याक्षरं लिहून घेतली आणि तो पत्ता पुन्हा पुन्हा वर आणून दाखवला. तीनपेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहूनही हुदिनीला ते उकललं नाही.

म्हणून 'नजरबंदी' या शब्दाचा मला राग येतो. तो शब्द वापरला की पुढे विचारायला काही उरत नाही, आणि नेमकी तीच जागा भोंदू बाबांना हवी असते. सिंहस्थ जवळ आला की रिकाम्या हातातून अंगारा काढणारे गोदाघाटावर दिसू लागतात. त्यांच्याकडे पत्ता नसतो, सहीही नसते, पण पाहिलेल्या दोन क्षणांमधला न पाहिलेला वेळ तोच असतो. लग्नातल्या जादूगाराने निदान आपण जादूगार असल्याचं आधीच सांगितलं होतं. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं २०१३ पासून आपल्या राज्यात कायद्याने गुन्हा आहे. मोबाइलवर 'मेंदू हॅक करतो' म्हणणाऱ्या जादूगारांचं बोलणंही मला पटत नाही. असं काही करावं लागत नाही, आपला मेंदू रोज जसा चालतो तसाच इथेही चालतो.

लग्नानंतरच्या रविवारी मी भाचीला समोर बसवलं आणि हे करून पाहिलं. माझी बोटं जादूगाराची नाहीत. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकावरून तिला काही कळलं नाही. टेबलाशी येऊन कडेवर नजर रोखली तेव्हा तिने मला तीनदा पकडलं. चौथ्यांदा मी पत्ते उलटता उलटता तिला विचारलं, "माशाला डोळा काढला होतास का गं?" तिने वर माझ्याकडे पाहिलं.