पंखा नसलेला डबा आणि गोव्याचा पाऊस

बँकेच्या काउंटरवर मॉनिटरमागे पुस्तकाएवढा काळा डबा असतो, तो थिन क्लायंट. खरे काम दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, करतो. डबा फक्त कीबोर्ड ऐकतो आणि चित्र दाखवतो. त्यामुळे त्यात बहुधा पंखा नसतो, मेमरीही बेताचीच. कचेरीने नवे यंत्र घेतले की जुने भंगारात जाते, आणि माझ्या मते गोव्यात घरच्या सर्व्हरसाठी याहून सोयीचे यंत्र शोधून सापडायचे नाही.

कारण इथली हवा. पावसाळ्यात ३० अंशांना सापेक्ष आर्द्रता सहज ९० टक्के असते. किनाऱ्याजवळ तिच्यात खारे कणही असतात. साधे मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतले पाणी ओढून पाघळते, आणि तो खारट थर सर्किट बोर्डावरचे तांबे खातो. पंखा ही हवा दिवसभर आत ओढत राहतो. बिनपंख्याचा डबा मात्र चोवीस तास चालू राहिला की आतून ४० अंशांपर्यंत तापतो. बाष्प तेवढेच, पण हवा गरम. म्हणून आतली आर्द्रता ५२ टक्क्यांवर उतरते आणि मीठ कोरडे राहते. (समुद्राच्या मिठात इतरही क्षार असतात, तेव्हा पूर्ण हमी नाही.) बंद करून कपाटात ठेवलेला संगणक आधी सडतो, तो यामुळेच.

विजेचा हिशेब सोपा आहे. १० वॉट सतत ओढले तर महिन्याला साधारण ७ युनिट.

आता डागडुजी. एचपीच्या टी६२० या थिन क्लायंटमध्ये लॅपटॉपची डीडीआर३एल रॅम बसते आणि एम.२ साटा एसएसडीही (साठवणुकीची छोटी पट्टी). एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेऊ नका. दिसायला तशीच, पण चालत नाही. आतला सीआर२०३२ हा घड्याळाचा गोल सेल बदलाच, नाहीतर वीज गेली की घड्याळ मागे जाते. वर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाका, डेस्कटॉपशिवाय. साठवणुकीची मूळची छोटी फ्लॅशच ठेवणार असाल तर लॉग, म्हणजे यंत्राच्या कामाच्या नोंदी, रॅममध्ये लिहायला लावा, कारण फ्लॅश वारंवार लिहिण्यानेच झिजते. फार जुना, ३२ बिटांच्या प्रोसेसरचा डबा मिळाला तर घेऊ नका: २०२५ च्या डेबियन १३ पासून त्यासाठी इन्स्टॉलरच येत नाही.

फाइल सर्व्हर, जाहिराती गाळणारे पाय-होल, एवढे तो आरामात सांभाळतो. व्हिडिओ संपादन त्याच्याकडून मागू नये. घेताना मूळचा ॲडॅप्टरही मागून घ्या. भंगारवाल्याकडे तो बहुतेक वेळा दुसऱ्याच ढिगात पडलेला असतो.